डोळ्यांचे थेंब पोटात गेले तर...

औषध म्हटले की आपल्यासमोर गोळ्या, इंजेक्शन आणि खोकल्याची बाटली उभी राहते. डोळ्यांत घालायच्या थेंबांना आपण औषध म्हणतो खरे, पण मनातून त्यांना गुलाबपाण्याच्या रांगेत बसवतो. बाटली अंगठ्याएवढी, आतले औषध पाण्यासारखे. त्यात विषारी ते काय असणार, असा आपला समज असतो. माझाही होता. तो समज एका दुपारी माझ्याच घरात खोटा ठरला. आपल्या सभासद बंधू-भगिनींच्या घरी तसे घडू नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

मला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी ब्रिमोनिडीन नावाचे थेंब सकाळ-संध्याकाळ घालायला सांगितले आहेत. बाटली खिडकीच्या कट्ट्यावर, चष्म्याच्या डबीशेजारी असायची. हाताला लगेच सापडावी एवढाच त्यामागे विचार. त्या दुपारी माझा दोन वर्षांचा नातू खाटेवर चढला आणि ती बाटली तोंडाला लावून बसला. सूनबाईंनी पाहिले तेव्हा बाटली जवळजवळ रिकामी होती. पोरगा रडला नाही, खोकला नाही, उलटी नाही. उलट हसत होता. "बाबा, यानं तुमचं औषध चोखलं वाटतं," असे त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "डोळ्यात चालतं ते पोटात काय करणार?" बाटली मी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

अर्ध्या तासाच्या आत तो झोपला. त्याची दुपारच्या झोपेची वेळच होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. थोड्या वेळाने सूनबाईंनी त्याला उचलून घेतले तर मान लुळी पडली, हातपाय गार लागले आणि हाका मारूनही डोळे उघडेनात. रिक्षा करून आम्ही रुग्णालय गाठले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "आजोबा, बाटली आणलीत का?" बाटली घरी कचऱ्यात होती आणि औषधाचे नाव मला धड आठवत नव्हते. मुलगा बाटली आणायला परत गेला. त्याला यायला पाऊण तास लागला. तोवर बाळाची नाडी मंद, श्वास मंद, आणि आम्ही दाराशी उभे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने डोळे उघडून पाणी मागितले. डॉक्टरांनी वेळेत सांभाळले म्हणून आज तो आमच्यात आहे. चूक माझी होती. ती चूक नेमकी कशात होती हे नंतर मी डॉक्टरांना विचारून, पुस्तके वाचून समजून घेतले. ते पुढे देत आहे.

थेंब डोळ्यात, औषध सर्व अंगात

डोळ्यांत औषध घातल्यावर थोड्या वेळाने घशात कडवट चव येते, हा अनुभव पुष्कळांना असेल. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात एक बारीक नळी असते. तिच्यातून अश्रू नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते याच वाटेने. डोळ्यांचे औषधही याच वाटेने नाकात आणि तेथून घशात जाते. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर असतो, म्हणजे वीस थेंबांचा एक मिलिलिटर. डोळ्यात मात्र ०.०३ मिलिलिटरच्या आसपासच द्रव मावतो. उरलेला भाग गालावर ओघळतो किंवा त्या नळीतून आत जातो. नाकातील नाजूक त्वचेतून तो रक्तात मिसळतो.

म्हणूनच डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दोन मिनिटे दाब द्यावा. त्यामुळे औषध डोळ्यात राहते आणि शरीरात कमी जाते. एका थेंबाचीही जिथे इतकी काळजी घ्यावी लागते, तिथे बाटलीच पोटात गेल्यावर काय होईल, याची कल्पना येईल.

टक्केवारीचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. बाटलीवर १ टक्का असे लिहिले असेल तर १०० मिलिलिटर द्रवात १ ग्रॅम औषध असते. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. ०.१ टक्का म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. आकडे दिसायला लहान आहेत, पण ही औषधे मुळात अत्यंत तीव्र असतात. डोळ्याचा पडदा ओलांडून आत शिरायचे असल्याने ती दाट करून ठेवलेली असतात.

टिमोलॉल हे काचबिंदूचे जुने व उत्तम औषध आहे. त्याच्या ०.५ टक्क्याच्या ५ मिलिलिटर बाटलीत २५ मिलिग्रॅम टिमोलॉल असते. रक्तदाबासाठी याच औषधाच्या गोळ्या देतात तेव्हा मोठ्या माणसाला सुरुवातीला १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे दिवसाला २० मिलिग्रॅम दिले जाते. अंगठ्याएवढ्या बाटलीत प्रौढ माणसाच्या एका दिवसापेक्षा जास्त मात्रा भरलेली आहे. तीच बाटली दहा-बारा किलो वजनाच्या मुलाने प्यायली तर?

कोणते थेंब अधिक धोक्याचे?

सर्वच थेंब सारखे नसतात. डोळे कोरडे पडतात म्हणून दिलेले कृत्रिम अश्रू किंवा डोळे आल्यावर दिलेले जंतुनाशक थेंब थोडे पोटात गेल्यास बहुधा गंभीर त्रास होत नाही. तरी खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. फार सावध राहावे असे तीन गट आहेत.

पहिला गट डोळ्यांची लाली घालवणाऱ्या थेंबांचा. यात नॅफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन अशी औषधे असतात. चोंदलेले नाक मोकळे करण्याच्या थेंबांतील झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन हीदेखील याच कुळातली. माझे ब्रिमोनिडीन काचबिंदूचे असले तरी त्याचे नाते याच कुळाशी आहे. दोन वर्षांखालील मुलांना ते डोळ्यांतसुद्धा घालू नये असा नियम आहे. या गटातील औषध पोटात गेले की मूल पेंगते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, अंग गार पडते, बाहुल्या बारीक होतात आणि श्वास थांबत थांबत चालतो. सुरुवातीला काही वेळ रक्तदाब वाढलेलाही असू शकतो.

दुसरा गट टिमोलॉलसारख्या औषधांचा. ती हृदयाचे ठोके मंद करतात, रक्तदाब उतरवतात आणि श्वासनलिका आवळतात. दम्याच्या रुग्णाला टिमोलॉल डोळ्यांत घातल्यानेही दम्याचा झटका येऊ शकतो. म्हणून आपल्याला दमा असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आधी सांगावे. शेजारच्या काकांचे काचबिंदूचे थेंब आपण वापरून पाहणे तर सर्वथा चूक.

तिसरा गट बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा. यात ॲट्रोपिन मुख्य. ग्रामीण भागातील वाचकांना धोतऱ्याचे फळ खाऊन भ्रमिष्ट झालेल्या माणसांच्या गोष्टी ठाऊक असतील. धोतऱ्यात जी विषद्रव्ये असतात त्यांत ॲट्रोपिन आहे. ते पोटात गेल्यावर तोंड कोरडे पडते, अंग लाल होऊन तापते, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावू लागते, लघवी अडते आणि मूल असंबद्ध बडबडते किंवा हवेत काहीतरी पकडू पाहते. इंजेक्शनच्या एका कुपीत साधारण ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असते. १ टक्क्याच्या ५ मिलिलिटर थेंबांच्या बाटलीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे ऐंशीहून अधिक कुप्यांचे औषध असते! लहान मुलांचा चष्म्याचा नंबर काढताना ॲट्रोपिन वापरतात, तेव्हा अगदी लहान वयात थेंबांऐवजी मलम देण्याची पद्धत आहे. थेंब नाकाघशात उतरतो, मलम तितके उतरत नाही, हेच त्याचे कारण. शेतात फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला हेच ॲट्रोपिन जीवदान देते. औषध आणि विष यांतला फरक मात्रेचा असतो, तो असा.

डोळ्यात लाली जाते, पोटात शुद्ध जाते. असे का?

पहिल्या गटाबाबत एक कोडे पडते. हे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून डोळ्याची लाली जाते. मग ते पोटात गेल्यावर रक्तदाब वाढायला हवा. तो उतरतो का?

याचे उत्तर एका योगायोगाने मिळाले. १९६२ साली जर्मनीतील बोहरिंगर इंगेलहाइम या औषध कंपनीत नाक मोकळे करण्यासाठी याच कुळातील एक नवे द्रव्य तयार झाले होते. कंपनीतील एका डॉक्टरांच्या सचिव बाईंना सर्दी झाली होती. त्यांच्या नाकात त्याचे थोडे थेंब घालून पाहिले. बाई जवळपास एक दिवसभर झोपून राहिल्या. तपासले तेव्हा नाडी मंद आणि रक्तदाब उतरलेला आढळला. तेच द्रव्य पुढे क्लोनिडीन या नावाने रक्तदाब कमी करणारे औषध म्हणून जगभर वापरले गेले.

कारण असे की, डोळ्यात किंवा नाकात ही द्रव्ये जवळच्या रक्तवाहिन्यांवर काम करतात. पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचल्यावर ती वेगळेच काम करतात. हृदयाला 'जोरात चाल' आणि रक्तवाहिन्यांना 'ताठ राहा' असा संदेश मेंदूतून सतत जात असतो. तो संदेशच ही द्रव्ये दाबून टाकतात. मग जागेपणा, नाडी, रक्तदाब आणि श्वास असे सारेच खाली उतरते. मोठ्या माणसाला ग्लानी येईल, लहान मुलाचा श्वास थांबू शकेल. माझ्या नातवाची ती शांत झोप खरे तर झोप नव्हतीच. घरातील सर्वांनी ही एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. थेंब प्यायलेले मूल झोपले म्हणजे धोका टळला असे नव्हे, धोका सुरू झाला असे समजावे.

परदेशाचा अनुभव

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये याच विषयावर जनतेला इशारा दिला. लाली घालवणारे डोळ्यांचे थेंब आणि नाकाचे फवारे मुलांनी चुकून गिळल्याची ९६ प्रकरणे १९८५ पासून त्यांच्याकडे नोंदली गेली होती. ही मुले एक महिना ते पाच वर्षे वयाची होती. त्यांपैकी ५३ मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने त्यांत एकही मृत्यू नव्हता. अवघे १ ते २ मिलिलिटर पोटात गेले तरी गंभीर परिणाम होऊ शकतो, असे त्या इशाऱ्यात म्हटले होते. १ मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा!

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने नियम केला की ज्या बाटलीत या कुळातील औषध ०.०८ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तिला मुलांना उघडता येणार नाही असे झाकण असावे. ०.१ टक्क्याच्या औषधाचे दोन थेंबसुद्धा ही मर्यादा ओलांडतात. आपल्याकडे डोळ्यांच्या थेंबांना अशी झाकणे सहसा दिसत नाहीत. तेव्हा झाकणाचे काम घरातील माणसांनीच करायला हवे.

घोटाळा कोठे होतो?

लहान मूल हे पाहून शिकते. आजोबा मान वर करून थेंब घालतात, हे ते रोज पाहते. त्याला स्वतःला पोलिओचे दोन थेंब तोंडात मिळालेले असतात. तापाचे थेंब, जीवनसत्त्वाचे थेंब, पोटदुखीचे थेंब, सगळे गोड आणि सगळे छोट्या बाटलीतून तोंडात. मग ही छोटी बाटली तोंडाचीच, असे त्याने ठरवले तर त्याचा काय दोष?

मोठ्यांचाही गोंधळ होतोच. रात्री दिवे गेलेले, मूल तापाने रडतेय, फडताळात तीन-चार सारख्या बाटल्या. कानाचे थेंब, नाकाचे थेंब, डोळ्यांचे थेंब आणि तापाचे थेंब. घाईत हात भलत्याच बाटलीवर पडतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तर एकाच रुग्णाकडे दोन-तीन प्रकारचे थेंब असतात, आणि ज्याला कमी दिसते त्यालाच त्या बाटल्या ओळखायच्या असतात. प्रशिक्षित माणसांच्या हातूनही चूक होऊ शकते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओ लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. बालके बरी झाली, पण धडा राहिला. थेंब देण्यापूर्वी बाटलीवरचे नाव प्रत्येक वेळी वाचलेच पाहिजे.

असे घडल्यास काय करावे?

१. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. परिणाम अर्ध्या तासात दिसू शकतो, कधी काही तास लागतात. मूल हसत-खेळत असले तरी ताबडतोब जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

२. बाटली, तिचे खोके आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्यावी. बाटली रिकामी असली तरी टाकू नये. औषधाचे नाव, त्याची टक्केवारी आणि बाटलीत किती उरले आहे, यावर पुढचे उपचार ठरतात.

३. किती वाजता घडले ते लक्षात ठेवावे. मुलाचे वजन माहीत असल्यास सांगावे.

४. मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. मूल लवकर पेंगते. पेंगलेल्या मुलाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि एका संकटातून दुसरे उभे राहते.

५. दूध, लिंबू, ताक, तूप असा कोणताही उतारा देऊ नये. या औषधांवर तो चालत नाही, फक्त वेळ जातो.

६. नेताना मूल पेंगत असेल तर त्याला कुशीवर ठेवावे, अंगावर पांघरूण घालावे आणि छातीची हालचाल सतत पाहत राहावे. श्वास थांबल्यास तोंडाने श्वास द्यावा.

७. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चालते. त्यांच्या १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला मिळतो. मात्र फोन करत घरी बसू नये. एकाने फोन करावा, दुसऱ्याने निघावे.

रुग्णालयात नाडी, रक्तदाब आणि श्वास यांवर सतत लक्ष ठेवतात. गरजेप्रमाणे प्राणवायू, सलाईन आणि हृदयाचे ठोके वाढवणारे औषध देतात. लाली घालवणाऱ्या गटातील औषधाचा अंमल बहुधा एक-दीड दिवसात उतरतो. तोवर श्वास चालू ठेवणे हाच मुख्य उपचार. म्हणूनच वेळेत पोहोचलेली मुले बहुधा पूर्ण बरी होतात. मुलाने डोळे उघडले म्हणून घाईने घरी आणू नये. डॉक्टर सांगतील तितका वेळ तेथेच ठेवावे.

आणि घडू नये म्हणून?

डोळ्यांचे थेंब उशाशी, खिडकीत, देवळीत किंवा पर्समध्ये ठेवू नयेत. घरातील सर्व औषधे उंचावरच्या एका डब्यात, कडी किंवा कुलूप लावून ठेवावीत. पोटात घ्यायची औषधे एका डब्यात आणि डोळे, कान, नाक यांची दुसऱ्या डब्यात, अशी विभागणी करावी. मूल समोर असताना थेंब घालू नयेत आणि औषधाला 'खाऊ' म्हणू नये. ज्यांना कमी दिसते त्यांच्यासाठी बाटलीवर रंगीत चिकटपट्टी लावावी किंवा मोठ्या अक्षरात 'डोळा' असे लिहावे. बाटली उघडल्यानंतर एक महिन्यात संपवायची असते, तशी सूचना लेबलवर असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि महिन्यानंतर उरलेले औषध टाकून द्यावे. घरात उगाच पडून राहिलेली अर्धी बाटली डोळ्याच्याही उपयोगाची नसते आणि मुलाच्या जिवाला घोर असते. पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या घरी गेल्यावरही आपली पिशवी मुलांच्या हाती लागणार नाही, हे पाहावे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. आपल्या घरातील कित्येक आजी-आजोबांना बाटलीवरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. सुटीच्या एका दिवशी घरातील सगळी औषधे काढा, लेबले वाचा, मुदत संपलेली बाजूला करा आणि उरलेल्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहा. शेजारच्या दोन घरांतही हे करा. तुमच्या शिक्षणाचा एवढा उपयोग घराला आणि वस्तीला झाला तरी पुष्कळ.

आमच्या घरात आता खिडकीच्या कट्ट्यावर फक्त चष्म्याची डबी असते. थेंबांची बाटली कपाटात, वरच्या खणात असते. ती काढायला मला रोज दोन वेळा स्टुलावर चढावे लागते आणि गुडघे कुरकुर करतात. त्या दोन वेळा मला ती दुपार आठवते. गुडघ्यांची तक्रार मी कोणाजवळ करीत नाही.